चंद्रपुरातली हिमनदी आणि पृथ्वीच्या उष्ण-शीत अवस्था

वर्धाकाठ (धागाकर्ता)

देशातल्या सर्वांत तप्त शहरांची यादी दर मे महिन्यात वर्तमानपत्रांत येते आणि तीत चंद्रपूरचे नाव बहुधा वरच्या ओळींत असते. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे आम्हा या भागातल्या लोकांना नवीन नाही. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ, चुनखडकाचा एक उघडा पडलेला पृष्ठभाग नोंदवला गेला आहे. तो घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे आणि खाचा आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वाहत्या पाण्याने दगड गुळगुळीत होतो, पण पाणी दगडावर सरळ रेघा ओढत नाही. तळाशी दगडगोटे गोठवून धरलेला बर्फाचा जाड थर खडकावरून सरकत गेला की असे ओरखडे उमटतात.

त्या चुनखडकावर जो थर बसलेला आहे त्याला तालचेर म्हणतात. ओडिशातल्या तालचेर भागात ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ मध्ये या थराची पाहणी करून त्यातले मोठमोठे दगड बर्फाने आणून टाकले असावेत, असे मत मांडले. भारतात, तेही उष्ण कटिबंधात, बर्फाचे राज्य होते ही गोष्ट त्या काळी पचायला सोपी नव्हती. या थराचे तुकडे मी हाताळले आहेत. हिरवट रंगाचा, अगदी बारीक कणांचा शेल (गाळ घट्ट होऊन बनलेला खडक) असतो, बोटांनी दाबला की त्याचे लांबट, टोकदार तुकडे पडतात. त्या बारीक गाळातच मध्येच गोटे रुतलेले सापडतात, कुठे सुपारीएवढे, कुठे दोन माणसांना उचलणार नाहीत एवढे. काही गोट्यांची एक बाजू सपाट घासलेली असते आणि ती उन्हात तिरपी धरली की तिच्यावरच्या बारीक रेघा दिसतात. वाहते पाणी आपल्या वेगानुसार गोटे, वाळू आणि गाळ वेगवेगळे करते. बर्फ मात्र जे हाती लागेल ते एकत्र वाहून नेतो आणि वितळला की तसेच सोडून देतो.

हे सारे साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहे. भारत तेव्हा आफ्रिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांना जोडलेला, गोंडवन या महाखंडाचा भाग होता. त्या महाखंडाच्या मोठ्या भागावर कधी इथे, कधी तिथे हिमस्तर पसरत आणि मागे हटत होते. तो काळ पृथ्वीच्या प्रदीर्घ शीत अवस्थेचा होता. बर्फ ओसरल्यावर त्याच खोऱ्यांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची दलदलीची राने वाढली आणि त्यांचाच आज वणी, बल्लारपूर, चंद्रपूरचा कोळसा झाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘हिमयुग’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मॅमथ आणि गुहेतली माणसे येतात आणि ते युग संपले असे आपण धरून चालतो. भूविज्ञानाच्या हिशेबाने ते संपलेले नाही. ध्रुवांपाशी कायमस्वरूपी हिमस्तर असतील तर पृथ्वी शीत अवस्थेत आहे असे मानतात. अंटार्क्टिका आणि ग्रीनलंड या दोन्ही ठिकाणी आज ते आहेत. आपण शीत अवस्थेतल्या एका ऊबदार मध्यंतरात राहतो आणि हे मध्यंतर जेमतेम ११,७०० वर्षांचे आहे. एमिली जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये गेल्या ४८.५ कोटी वर्षांचा तापमानाचा आलेख प्रसिद्ध केला. त्यानुसार पृथ्वीचे सरासरी तापमान या काळात ११ ते ३६ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान हलत राहिले आणि शीत अवस्थांपेक्षा उष्ण अवस्थांचा काळ अधिक होता. आजची सरासरी १५ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे त्या आलेखाच्या थंड टोकाकडे.

या चढउतारांमागे काय आहे? सूर्य हे उत्तर पुरत नाही. सूर्याचे तेज अब्जावधी वर्षांत हळूहळू वाढतच गेले आहे. चार अब्ज वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा सुमारे २५ टक्के मंद होता, तरीही पृथ्वीवर पाणी द्रवरूपात होते. दीर्घ काळाचा खरा हिशेब हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आहे. ज्वालामुखी तो बाहेर टाकतात आणि खडक तो खातात. पावसाच्या पाण्यात विरघळलेला हा वायू सौम्य आम्ल तयार करतो, ते आम्ल ग्रॅनाइट, बेसॉल्टसारख्या सिलिकेट खडकांतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून घेते, नद्या ते समुद्रात नेतात आणि तिथे शिंपले, प्रवाळ, सूक्ष्मजीव त्याचा चुनखडक बनवतात. वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी १९८१ मध्ये या साखळीची नियंत्रक बाजू दाखवून दिली. हवामान तापले की पाऊस आणि रासायनिक क्रिया दोन्ही वाढतात, खडकांचे विदारण (पाण्याहवेने कुजणे) वेगाने होते, वायू अधिक शोषला जातो आणि पृथ्वी थंड होते. फार थंडी पडली की उलट घडते. या नियंत्रणाला लाखो वर्षे लागतात, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची गुरुकिल्ली या एका गोष्टीत आहे.

ज्या चुनखडकावर बर्फाने रेघा ओढल्या त्याच पैनगंगा चुनखडकावर आज जिल्ह्यातले सिमेंट कारखाने चालतात आणि बर्फ ओसरल्यावर वाढलेल्या रानांच्या कोळशावर औष्णिक वीज केंद्रे चालतात. भट्टीत चुनखडक भाजला की त्यात बंदिस्त झालेला वायू परत हवेत जातो, कोळसा जाळला की तेच होते. ज्या दोन मार्गांनी पृथ्वीने कार्बन जमिनीत पुरला ते दोन्ही आम्ही एकाच जिल्ह्यात उलटे फिरवतो आहोत. या विषयाची जाण असणाऱ्यांनी भर घालावी, शंका असतील त्याही विचाराव्यात.

मृद्गंध

लेख फार आवडला. चंद्रपूरला चार वर्षे राहूनही हे ठाऊक नव्हते. एक शंका आहे. भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता असे शाळेत शिकलो आहे. मग बर्फ असणे स्वाभाविकच नाही का? यात सगळी पृथ्वी थंड होती असे कशावरून म्हणायचे? एखादा भूखंड ध्रुवाजवळ गेला म्हणून तिथे बर्फ साचला, तो सरकला म्हणून वितळला, एवढेच असू शकेल.

वर्धाकाठ

शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर अंटार्क्टिकाने दिलेले आहे. अंटार्क्टिका गेली दहा कोटी वर्षे तरी ध्रुवाच्या आसपासच आहे. केवळ जागेमुळे बर्फ साचत असता तर तो एवढा सगळा काळ तिथे असायला हवा होता. प्रत्यक्षात मोठा हिमस्तर तिथे साधारण ३.४ कोटी वर्षांपूर्वी आला.

त्याआधी तिथे काय होते याचा एक विलक्षण पुरावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पोलरस्टर्न’ या जर्मन संशोधन जहाजावरून अंटार्क्टिकाजवळच्या अमुंडसेन समुद्राच्या तळात छिद्र पाडून २०१७ मध्ये गाळाचा नमुना काढला होता. त्यात सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीची वनातली माती मिळाली, तीही जाळ्यासारख्या पसरलेल्या मुळांसकट, जिथल्या तिथे टिकून राहिलेली. सोबत परागकण आणि बीजाणू होते. ती जागा तेव्हा ८२ अंश दक्षिण अक्षांशावर होती, म्हणजे वर्षातले कित्येक महिने तिथे सूर्य उगवतच नसे. तरीही तिथे समशीतोष्ण वर्षावन होते आणि वार्षिक सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास होते. ध्रुवावर जमीन असणे हे बर्फ साचायला सोयीचे आहे, पण तेवढ्याने भागत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइडही पुरेसा उतरलेला असावा लागतो. तालचेरच्या काळात या दोन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या.

सागरतळ

तापमान मोजायला तेव्हा कोणी नव्हते, मग हे आकडे येतात कुठून, असा प्रश्न पुढे येणारच आहे, म्हणून आधीच लिहितो. माझे काम सागरी गाळाशी निगडित आहे.

समुद्रात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. त्यांचे कवच वाळूच्या कणाएवढे आणि बहुतेकांचे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. जीव मेला की कवच तळाशी बसते आणि लाखो वर्षे थरावर थर चढत जातो. तळात नळी ठोकून गाळाचा लांब दंडगोल काढतात, त्याचे काप घेतात, काप चाळणीत धुतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बसून ओल्या कुंचल्याच्या टोकाने हव्या त्या जातीची कवचे एकेक करून वेचतात. पांढरी, गोल कप्पे एकमेकांना चिकटवल्यासारखी कवचे, कुठे काचेसारखी पारदर्शक, कुठे साखरेच्या दाण्यासारखी खरखरीत. दिवसभर वेचून जेमतेम चिमूटभर माल जमतो. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातल्या गाळावर अशा स्वरूपाचे काम अनेक वर्षे होत आले आहे.

या कवचांतल्या ऑक्सिजनचे दोन समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजतात, एक हलका आणि एक जड. पाणी जितके थंड तितका कवचात जड ऑक्सिजन अधिक. पण यात एक अडचण आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय आलेखावर विश्वास ठेवू नये. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन आधी उडून जातो. तो पाऊस किंवा बर्फ होऊन समुद्रात परतला तर प्रश्न नाही, पण हिमस्तरांत अडकून पडला तर मागे उरलेला समुद्र जड होतो. म्हणजे कवचातला जड ऑक्सिजन वाढलेला दिसला तर समुद्र थंड झाला, की जमिनीवर बर्फ साचला, की दोन्ही झाले, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. यावर उपाय म्हणून त्याच कवचातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे प्रमाण मोजतात, कारण ते मुख्यतः तापमानावर अवलंबून असते, बर्फावर नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणासाठी कवचातल्या बोरॉनचे समस्थानिक, शैवालांची सेंद्रिय संयुगे, जीवाश्म पानांवरची रंध्रे अशी वेगवेगळी साधने आहेत. एकेकट्या साधनावर शंका घेता येते, पण निरनिराळ्या तत्त्वांवर चालणारी साधने एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा ती शंका उरत नाही.

वेस्टरहोल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे गाळ जोडून गेल्या ६.६ कोटी वर्षांचा सलग आलेख तयार केला आणि त्यात चार अवस्था वेगळ्या काढल्या. ५.६ ते ४.७ कोटी वर्षांपूर्वी अतिउष्ण, तिच्या आगेमागे उष्ण, ३.४ कोटी वर्षांपासून थंड आणि ३३ लाख वर्षांपासून अतिशीत. मला स्वतःला त्या आलेखातला ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोट्यवधी वर्षे वायू हळूहळू कमी होत होता, तापमान हळूहळू उतरत होते, आणि मग काही लाख वर्षांतच आलेख पायरी उतरावी तसा खाली येतो. अंटार्क्टिकावर बर्फ धरला की तो पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, त्यामुळे थंडी वाढते आणि आणखी बर्फ धरतो. कारण सावकाश वाढत असले तरी परिणाम सावकाशच होईल असे नाही.

घाटवाट

विदारणाबद्दल धागाकर्त्यांनी जे लिहिले आहे ते सह्याद्रीत डोळ्यांनी पाहता येते. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये विटकरी लाल रंगाचा पट्टा दिसतो. लाव्ह्याचा एक लोट थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्यात वरचा भाग पावसाने कुजून लाल झाला, आणि मग त्यावर पुढचा लोट पसरला, असे पुष्कळ पट्ट्यांबाबत मानले जाते. विहीर खणताना वरून खाली जाताना हाच क्रम लागतो. आधी काळी माती, मग मुरूम, मग अर्धवट कुजलेला दगड आणि शेवटी पहारीला न जुमानणारा काळा पाषाण. अर्धवट कुजलेल्या पट्ट्यात दगडाचे गोळे दिसतात, त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे एकावर एक सुटत येतात आणि आत टणक गाभा राहतो.

दख्खनच्या विहिरींचे पाणी जड का असते याचे उत्तरही यातच आहे. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बव्हंशी बेसॉल्टमधून सुटलेले आणि बायकार्बोनेट हवेतल्या व मातीतल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनलेले. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो त्यात खडक आणि हवा यांचा हा व्यवहार झालेला असतो.

बेसॉल्टचे विदारण ग्रॅनाइटच्या तुलनेत बरेच वेगाने होते. जमिनीच्या क्षेत्रफळात बेसॉल्टचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असूनही सिलिकेट खडक जो कार्बन डायऑक्साइड शोषतात त्यातला सुमारे ३० टक्के वाटा त्याचा आहे, असा देसेर आणि सहकाऱ्यांचा २००३ चा अंदाज आहे. दख्खनचा बेसॉल्ट आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. माझा प्रश्न असा की एवढा प्रचंड बेसॉल्ट ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर आला असेल तर पृथ्वी लगेच थंड व्हायला हवी होती. वरच्या प्रतिसादातल्या आलेखात तर त्यानंतर एक कोटी वर्षांनी अतिउष्ण अवस्था येते. हे कसे?

वर्धाकाठ

@घाटवाट, हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण मूळ लेखात मी दख्खनला हात घातला नव्हता.

लाव्हा बाहेर येतो तेव्हा आधी वायू देतो, घेण्याचे काम नंतर सुरू होते. उद्रेकांच्या काळात गंधकाच्या संयुगांनी काही वर्षांपुरती थंडी आणली असेल, कार्बन डायऑक्साइडने त्यापेक्षा लांब मुदतीची ऊब दिली. दख्खनच्या बहुतांश लाव्ह्याला बाहेर यायला दहा लाख वर्षांहून कमी काळ लागला, पण त्याच्या विदारणाचे काम आजही चालू आहे.

दुसरी गोष्ट, तेव्हा हा लाव्हा आजच्या जागी नव्हता. तो दक्षिण गोलार्धात, हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाच्या परिसरात बाहेर आला. त्यानंतर भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, काही काळ तर वर्षाला १५ सेंटीमीटरहून अधिक वेगाने, आणि विषुववृत्ताजवळच्या बारमाही पावसाच्या पट्ट्यात शिरला. उष्ण, दमट हवेत ताजा बेसॉल्ट सर्वांत जलद कुजतो. पाच कोटी वर्षांपूर्वीपासून जे थंडावणे सुरू झाले त्याला दख्खनच्या या प्रवासाचा हातभार लागला असावा, असे केंट आणि मुट्टोनी यांनी २००८ मध्ये मांडले. त्याआधी रेमो आणि रडिमन यांनी हिमालय व तिबेटच्या उंचावण्याला श्रेय दिले होते: पर्वत उंचावला की कोसळतो, नवा खडक सतत उघडा पडतो आणि विदारण वाढते. सागरतळावरच्या ज्वालामुखींतून येणारा वायूच कमी झाला असेही काही जण मानतात. हा वाद मिटलेला नाही. मला व्यक्तिशः केंट-मुट्टोनींची मांडणी अर्धी पटते, कारण नुसता बेसॉल्ट असून भागत नाही. कोकणात जांभ्याची जी जाड पठारे आहेत ती पाहावीत. पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले आणि त्यांचेच झाकण खालच्या ताज्या खडकावर बसले. असे झाकण बसले की विदारण मंदावते. ते चालू राहायला झाकण खरवडणारी धूप हवी, म्हणजे उतार हवा. सह्याद्रीच्या कड्यावर तो आहे, पठारावर नाही.

उत्तररात्र

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण इथे जे समोर येते आहे त्याचा अर्थ मला वेगळाच लागतो. पृथ्वी बहुतांश काळ आजच्यापेक्षा उष्ण होती, ध्रुवावर जंगले होती, कार्बन डायऑक्साइड दशलक्षांत हजार भागांहून अधिक होता आणि जीवसृष्टी उत्तम चालली होती. मग आज तो ४२० च्या वर गेला म्हणून एवढी काळजी कशाला? शिवाय आपण हिमयुगाच्या मध्यंतरात आहोत असे धागाकर्तेच म्हणतात. मध्यंतर संपून पुन्हा बर्फ येणारच असेल तर थोडी ऊब उपयोगीच नाही का? हे मी वादासाठी म्हणत नाही, खरोखर समजून घ्यायचे आहे.

सागरतळ

@उत्तररात्र, दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे देतो.

पहिला प्रश्न वेगाचा आहे. ५.६ कोटी वर्षांपूर्वी एक घटना घडली. हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन आला आणि पृथ्वी ५ ते ८ अंशांनी तापली. त्या काळचा गाळ दक्षिण अटलांटिकच्या तळातून काढला आहे. त्यात खाली फिकट, जवळजवळ पांढरा, कवचांनी भरलेला थर आहे आणि त्यावर एकदम, बोट ठेवून दाखवता येईल अशा रेषेवर, गडद तांबूस चिकणमाती सुरू होते. कवचे तिथे नाहीतच. समुद्राच्या पाण्याची आम्लता इतकी वाढली की तळाशी पोचणारी कवचे विरघळून गेली. त्याच सुमारास खोल समुद्रातल्या तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांच्या निम्म्याच्या आसपास जाती कायमच्या नष्ट झाल्या. तो कार्बन बाहेर यायला काही हजार वर्षे लागली असे बहुतेक अंदाज सांगतात, आणि परिस्थिती पूर्ववत व्हायला लाखाहून अधिक वर्षे गेली. आज आपण त्याहून कितीतरी पट वेगाने कार्बन सोडतो आहोत. जगातले सगळे ज्वालामुखी वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो मानवी उत्सर्जनाच्या एक टक्काही नाही. उष्ण अवस्थेत जीवसृष्टी सुखाने नांदली हे खरेच आहे, पण ती त्या अवस्थेत लाखो वर्षांत रुळलेली होती. आपली शेती, आपली बंदरे, आपली शहरे गेल्या काही हजार वर्षांच्या स्थिर हवामानात उभी राहिली आहेत. ३० लाख वर्षांपूर्वी वायू आजच्याइतकाच, ४०० च्या आसपास होता आणि तेव्हाची समुद्रपातळी आजच्यापेक्षा कित्येक मीटरने वर होती.

दुसरा प्रश्न मध्यंतराचा. हिमकाळ आणि मध्यंतरे यांची ये-जा पृथ्वीच्या कक्षेतल्या बारीक बदलांनी ठरते, हे मिलान्कोविच यांनी गणिताने मांडले आणि १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी सागरी गाळातून त्याचा पुरावा दिला. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांत गेल्या आठ लाख वर्षांची नोंद आहे: हिमकाळात कार्बन डायऑक्साइड १८० च्या आसपास, मध्यंतरात २८० च्या आसपास, आणि ३०० च्या वर जवळजवळ कधीच नाही. आज तो त्या सर्व चढउतारांच्या बाहेर आहे. गानोपोल्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या गणितानुसार, माणसाने काहीच केले नसते तरी पुढचा हिमकाळ यायला सुमारे ५०,००० वर्षे होती. म्हणजे ज्या थंडीपासून वाचायला ऊब हवी ती थंडी आपल्या कोणत्याही नियोजनाच्या टप्प्यात नाही.

हिमकाळ कसा असतो याचा आपल्या किनाऱ्यावरचा एक नमुना सांगतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा १२० मीटरने खाली होती. मुंबईसमोरचा सागरतळ रुंद आणि उथळ आहे, त्यामुळे किनारा तेव्हा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला होता. तेव्हाचे आणि औद्योगिक काळाआधीचे जागतिक सरासरी तापमान यांतला फरक पाच-सहा अंशांचाच होता. सरासरीतले दोन-तीन अंश किती मोठे असतात याचा अंदाज त्यावरून बांधावा.

उत्तररात्र

धन्यवाद. वेगाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. गाळातल्या त्या सीमारेषेची छायाचित्रे शोधून पाहतो.

हिमधवल

शीत अवस्थांची चर्चा चालू असताना ‘हिमगोल पृथ्वी’ राहून जाऊ नये. ७१.७ कोटी ते ६६ कोटी वर्षांपूर्वी आणि पुन्हा साधारण ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या काळात बर्फ विषुववृत्ताजवळ पोचला होता. कर्शविंक यांनी १९९२ मध्ये ही संकल्पना मांडली आणि हॉफमन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नामिबियातल्या खडकांवरून ती जोमाने पुढे नेली. तिथे हिमजन्य थरावर थेट कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडकासारखा, थर बसलेला दिसतो, जो एरवी उबदार समुद्रात तयार होतो. याचे स्पष्टीकरण धागाकर्त्यांच्या नियंत्रकातच आहे. सगळे गोठल्यावर पाऊस थांबला, विदारण थांबले, पण ज्वालामुखी थांबले नाहीत. वायू साचत राहिला आणि अखेरीस बर्फ फुटला. मग तापलेल्या हवेत झपाट्याने विदारण झाले आणि समुद्रात कार्बोनेटचा लोंढा आला. आपल्याकडे हिमालयात मसुरी, सोलन भागातल्या ब्लैनी थरांत असाच क्रम आहे: खाली दगडगोट्यांचा हिमजन्य थर आणि वर गुलाबी डोलोमाइट, म्हणजे कार्बोनेटचाच खडक. पृथ्वी पूर्ण गोठली होती की विषुववृत्तावर उघडा समुद्र होता, यावर मतभेद आहेत. मला उघड्या समुद्राची बाजू अधिक संभाव्य वाटते, कारण प्रकाशावर जगणारे शैवाल त्यातून तगून पुढे आलेले आहेत.

काळीमाती

आमच्या भागात खडी क्रशरच्या आसपास बेसॉल्टच्या भुकटीचे ढीग पडून असतात. खडक कुजताना कार्बन डायऑक्साइड शोषतो तर ही भुकटी शेतात पसरली तर ते काम लवकर होईल का? असे प्रयोग चालू आहेत असे ऐकले आहे.

वर्धाकाठ

@काळीमाती, होय, चालू आहेत, भारतात भाताच्या शेतांवरही. कल्पना बरोबर आहे: भुकटी केली की खडकाचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि मुळांभोवतीच्या मातीत हवेपेक्षा कार्बन डायऑक्साइड पुष्कळ अधिक असतो, त्यामुळे विदारणाला वेग येतो. पण हिशेब नीट मांडावा लागतो. पूर्ण कुजल्यावरही एक टन बेसॉल्ट साधारण पाव ते एक तृतीयांश टन वायू शोषेल, आणि पूर्ण कुजायला पुष्कळ वर्षे लागतील. मानवी उत्सर्जन वर्षाला ३,५०० कोटी टनांच्या वर आहे. शिवाय शोषलेल्या वायूतून खडक दळायला लागणारी वीज आणि वाहतुकीचे इंधन यांचे उत्सर्जन वजा करायचे. म्हणून दगड मुद्दाम दळण्यापेक्षा क्रशरवर आधीच पडलेली भुकटी जवळच्या शेतात नेणे अधिक शहाणपणाचे आहे.

जमिनीचाही विचार करावा. आम्लधर्मी, पावसाने धुतल्या गेलेल्या मातीत, म्हणजे कोकणातल्या जांभ्यावरच्या किंवा पूर्व विदर्भातल्या काही भातजमिनींत, या भुकटीचा उपयोग होण्याची शक्यता अधिक. आपल्या काळ्या मातीत कॅल्शियम मुळातच भरपूर असते, खणताना चुन्याचे पांढरे खडे लागतात, तिथे आणखी बेसॉल्ट टाकून फारसे साधणार नाही. आणि सर्वांत अवघड भाग मोजणीचा आहे. शोषलेला वायू बायकार्बोनेट होऊन निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातो, त्यामुळे शेतातल्या मातीचे नमुने, विहिरीचे पाणी आणि ओढ्याचे पाणी असे तिन्ही ठिकाणी, भुकटी टाकलेल्या आणि न टाकलेल्या शेजारच्या शेतात, पावसाळ्याआधी आणि नंतर, काही वर्षे सलग तपासावे लागते. आपल्या भागात कोणी करून पाहणार असेल तर सुरुवातीला एकाच बांधाच्या दोन बाजू निवडाव्यात, आणि भुकटी टाकण्यापूर्वी तिच्यातल्या निकेल आणि क्रोमियमची तपासणी करून घ्यावी, कारण काही बेसॉल्टमध्ये या धातूंचे प्रमाण अधिक असते.